खाचेतला गहू

"कुणाचं तरी कोबीचं पिंप नासलंय," प्लायवूडच्या पलीकडून मेतोदीचं पुटपुटणं ऐकू आलं. "नेमका मी डबा उघडला की यांचं पिंप नासतं. आता काय, नाक धरून जेवू?"

तो माझ्याशी बोलत नव्हता. मेतोदी बुटांशी बोलतो. आमचं दुकान एकच आहे, मधे प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडे तो बूट शिवतो आणि किल्ल्या घासतो, अलीकडे मी लोकांचे म्हातारे कॉम्प्युटर जगवते. हे काम मला कुणी शिकवलं नाही. बंदरावरचं ऑफिस बंद पडल्यावर मी एका इंटरनेट क्लबात गल्ल्यावर बसायला लागले, आणि तिथलं मशीन बिघडलं की मालक माझ्या तोंडाकडे बघायचा, म्हणून शिकले. लोममधली, म्हणजे आमच्या या नदीकाठच्या गावातली, तरुण माणसं स्पेनला, इटलीला निघून गेली. मागे राहिले म्हातारे आणि त्यांच्या मुलांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर. माझं दोघांशीही बरं जमतं.

वास कोबीचा नव्हता. नोव्हेंबरात आमच्या गावातल्या प्रत्येक जिन्याखाली कोबी आंबत असतो. त्या वासाला आम्ही वास म्हणतच नाही. हा गोड होता. गोड, आणि त्या गोडाच्या खाली काहीतरी ओलं, कोमट. झोपेतून उठलेल्या दुसऱ्या माणसाच्या तोंडाला येतो तसा. आणि तो माझ्याच टेबलावरून येत होता.

टेबलावर ग्रोझ्दानचा कॉम्प्युटर होता. सकाळी त्याची बायको वांगेलीया बाजाराच्या ढकलगाडीतून तो घेऊन आली होती, लोकरीच्या शालीत गुंडाळून, थंडीत तान्ह्या मुलाला नेतात तसा.

ग्रोझ्दान गावाचे कागद छापायचा. कुणी गेलं की काळ्या चौकटीत फोटो, नाव, वय आणि खाली चार ओळी असा कागद आमच्याकडे घराच्या दारावर लागतो, समोरच्या झाडावर लागतो, बसथांब्यावर लागतो. चाळिसाव्या दिवशी नवा लागतो, सहा महिन्यांनी लागतो, वर्षाला लागतो, आणि घरात आठवण काढणारं कुणी असेपर्यंत दरसाल लागत राहतो. नदीकडे उतरणाऱ्या आमच्या रस्त्यावर जिवंत माणसांपेक्षा हे चेहरेच जास्त भेटतात. हे सगळे चेहरे ग्रोझ्दानच्या या एका मशीनमध्ये होते. मग गेल्या हिवाळ्यात ग्रोझ्दान स्वतः गेला, आणि त्याच्या दारावर मात्र कागद लागला नाही. चाळिसाव्याला नाही, सहा महिन्यांनीही नाही.

"फोटोच नाही गं," वांगेलीया म्हणाली. "अल्बम सगळे पुरात गेले. ओळखपत्र नगरपालिकेनं जमा करून घेतलं. जन्मभर लोकांचे फोटो धुंडाळत बसला, स्वतः कधी कॅमेऱ्यापुढे उभा राहिला? एकच आहे. यात. त्यानंच घालून ठेवलेला."

"आणि पासवर्ड?"

"तो काही सांगणारा माणूस होता का, सेवदा?"

"वर्ष भरत आलं, मावशी."

"म्हणून तर आले." तिनं शालीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "वर्षाला तरी दारावर त्याचा चेहरा पाहिजे. दुसरं काही मागत नाही मी. दार बोडकं दिसतं गं. रोज त्या दारातून आत जायचं म्हणजे..." ती निघाली. दाराशी जाऊन पुन्हा वळली. "आणि तो डबा उघडू नकोस. नुसतं पासवर्डचं बघ."

"डबा न उघडता कसं बघू? मी काय पत्ते मांडून भविष्य सांगते?"

एरवी वांगेलीया हसली असती. मोठ्यानं हसणारी बाई आहे ती. पण ती गेली.

मी आधी मशीन सुरू करून पाहिलं. पडद्यावर अक्षरं आली, डिस्क कुलूपबंद आहे, पासवर्ड द्या. मी काही न लिहिता एंटर दाबलं. ही माझी सवय. निम्मे लोक कुलूप लावतात आणि किल्ली बनवायला विसरतात. नाही उघडलं. त्याचं नाव, तिचं नाव, गल्लीचं नाव घालून पाहिलं. काही वेळा चुकलं की डिस्क ऐकेनाशी होते आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. तसं दोनदा केल्यावर मी स्क्रू काढायला घेतले.

स्क्रू फिरेनात. प्रत्येकाभोवती तपकिरी काहीतरी जमलं होतं, मधासारखं. कॅबिनेटची बाजू ओढली तेव्हा 'चॉक' असा आवाज झाला, आणि पत्रा आणि चौकट यांच्यामध्ये तारा लोंबल्या, पाक हाताला लागल्यावर बोटांमध्ये येतात तशा.

आत गहू होता.

शिजवलेला गहू. पितरांच्या नावानं करतो तो. साखर, अक्रोड, बिस्किटांचा चुरा घालून वाटीवाटीनं वाटायचा. घेणाऱ्यानं 'देव त्यांना क्षमा करो' म्हणायचं आणि तिथंच उभ्यानं खायचा. कागद न्यायला येणारा प्रत्येकजण ग्रोझ्दानलाही एक वाटी देत असे. मीही दिली होती, माझ्या आईच्या वेळी. "नंतर खातो," म्हणून त्यानं ती बाजूला ठेवली होती.

त्यानं खाल्ला नव्हता. पुढच्या फ्लॉपीच्या खाचेतून तो चमच्याचमच्यानं आत सारला होता. वर्षानुवर्षं. तळाचा थर काळा पडून दगड झाला होता. त्यावरचा तपकिरी, त्यावर राखाडी बुरशीची लव, आणि ती लव माझ्या श्वासानं हलत होती. पंख्याच्या पात्यांवर तुपकट साय चढली होती. शिजवलेल्या गव्हाला मोड येत नाहीत, पण यातल्या काही दाण्यांना आले होते. अंधारात येतात तसे पांढरेफटक, लांब, केसांसारखे बारीक. मोड उजेडाकडे वळतात. पुढची खाच उघडी होती, तिथून उजेड येत असणार. पण हे सगळे उलटे, आतल्या बाजूला, डिस्ककडे वळले होते.

मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. धुकं होतं. धुक्यात बरं वाटलं.

परत आले तर मेतोदी, हातात पाव, कॅबिनेटमध्ये डोकावत होता.

"हे काय आहे? कुणाचा मेंदू?"

"गहू आहे. खातोस?"

"तुझ्या हातचं मी काहीही खातो, हे सोडून." त्यानं पाव खिशात घातला. "उंदरांनी नेला असेल आत."

"लेंडी दाखव एक."

तो वाकला. लेंड्या नव्हत्या. मुंगी नव्हती, झुरळ नव्हतं, एवढ्या साखरेत एक माशीसुद्धा नव्हती. मी चिमट्यानं वरच्या थरातले काही दाणे उचलले. हलके होते. आतला गर नव्हता. नुसती सालं, चपटी, एका बाजूनं दाबलेली, जशी आपण द्राक्ष चोखून टाकल्यावर राहतात. आणि ती कोरडी नव्हती. ग्रोझ्दानला जाऊन जवळजवळ वर्ष झालं होतं, मशीन बंद खोलीत पडून होतं, आणि ही सालं ओली होती. चिमट्याच्या टोकाला एक थेंब आला, लोंबला, तुटला नाही. त्याची तार झाली.

"थुंकी आहे ही," मेतोदी म्हणाला.

"पाक आहे."

"मी तीन पोरं वाढवली, सेवदे. थुंकी कशी दिसते मला कळतं." तो सरळ झाला. "तरी तो म्हणायचा, त्यांना गोड..."

"कुणाला?"

"जाऊ दे. मला टाच लावायचीय." आणि तो गेला. पण बराच वेळ हातोडीचा आवाज आला नाही.

मी हातमोजे घातले आणि सगळं काढलं. खरवडलं, स्पिरिटनं पुसलं, बोर्ड ब्रशनं घासला. दोन पिशव्या भरल्या आणि त्या मी दुकानाच्या कचऱ्याच्या पिंपात नाही, पार बाजाराच्या टोकाच्या पिंपात नेऊन टाकल्या. हात तीन पाण्यांनी धुतले. रात्री जेवायला बसले आणि भाताचा घास तोंडात घोळवताना मला तो एकेक दाणा जिभेवर कळायला लागला. उठले.

दुसऱ्या दिवशी वांगेलीया आली. उघडा, लखलखीत कॅबिनेट बघून तिचा चेहरा पडला.

"पुसलंस?"

"पुसलं म्हणजे? खणून काढलं! मावशी, आत काय होतं माहीत आहे का?"

"सगळं पुसलंस?"

"मग काय, थोडं ठेवायचं होतं चवीला?"

ती खुर्चीवर बसली. हात मांडीत घेऊन बसली, दवाखान्यात बसतात तशी. म्हणाली, "बरं. मग लवकर कर बाई. आता लवकर कर."

लवकर करण्यासारखं हातात काही नव्हतं. हे कुलूप कॉम्प्युटरला नसतं, डिस्कच्या आतच असतं. ती काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी ती तोंड मिटूनच बसते. जुन्या डिस्कना कारखान्याची एक किल्ली असते, कधी कधी तिनं काम होतं. मी ती लावून पाहिली. पण ग्रोझ्दाननं कुलूप सगळ्यात कडक ठेवलं होतं. तशा कुलपाला कारखान्याची किल्ली एकच गोष्ट करू देते, आतलं सगळं पुसून डिस्क कोरी करणं.

"पुसायचं नाही," वांगेलीया म्हणाली. "तो पण जाईल त्यांच्याबरोबर."

"फोटो जाईल."

"तेच म्हणतेय मी."

त्या दिवसापासून डिस्क आवाज करायला लागली. म्हातारी डिस्क खडखडते, टकटक करते, शिट्टी मारते; ते आवाज मला माझ्या सांध्यांइतके ओळखीचे आहेत. हा आवाज ओला होता. मचमच. दात नसलेलं माणूस पाव भिजवून खातं तेव्हा येतो तो. थांबायचा, आणि मग गिळल्यासारखं काहीतरी. मी स्वतःला सांगितलं, बेअरिंगचं वंगण पातळ झालं असेल. शक्य आहे ते. मी वीज काढून टाकली. वीज काढल्यावरही तबकडी थोडा वेळ फिरत राहते. तो थोडा वेळ जरा जास्तच लांबला, एवढंच.

"खाताना तोंड मिटून खात जा की," पलीकडून मेतोदी ओरडला.

"मी खात नाहीये."

पलीकडे डबा बंद झाला.

वासही गेला नव्हता. पुसल्यावर कमी व्हायला हवा होता, तो वाढला. आणि आता त्यातला गोडवा गेला होता, फक्त खालचं ते कोमट राहिलं होतं. उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तसा. दुकानात येणारे लोक दाराशीच उभे राहून काम सांगायला लागले. कुणी वासाबद्दल बोललं नाही. गावात सगळ्यांना कळलं होतं की ग्रोझ्दानचं मशीन माझ्याकडे आहे, आणि कुणी त्याबद्दलही बोललं नाही. फक्त एक दिवस मी सकाळी दुकान उघडलं तेव्हा बाहेर खिडकीच्या कठड्यावर एक वाटी होती, वर बशी झाकलेली. दुसऱ्या दिवशी चार होत्या. गहू. ताजा, वर पिठीसाखर, बडीशेपेच्या गोळ्या, एकावर अक्रोडांचा क्रॉस. वाटी कुणाची ते सांगणारं कुणी नव्हतं. मी सगळ्या कचऱ्यात रिकाम्या केल्या. त्या पांढऱ्या, टपोऱ्या, फुगलेल्या दाण्यांकडे मला बघवत नव्हतं.

"टाकू नयेत तशा," मेतोदी दारातून म्हणाला.

"मग काय करू? तू सांग. तुम्ही सगळे मिळून मला काहीतरी सांगताय आणि कुणी तोंड उघडत नाही."

त्यानं एक रिकामी वाटी पालथी घातली.

"तू पेटी उचलली होतीस ना त्याची?" मी विचारलं.

आमच्याकडे शवपेटी उघडी ठेवतात. शेवटी सगळे ओळीनं येतात, वाकतात, कपाळाचं चुंबन घेतात. ग्रोझ्दानची पेटी बंद होती. आम्ही लाकडाचं चुंबन घेतलं आणि कुणी का म्हणून विचारलं नाही. मीही नाही.

"उचलली होती."

"का बंद होती रे?"

"हृदय," मेतोदी म्हणाला.

जसं काही हृदयानं गेलेल्या माणसाचं झाकण लावावंच लागतं.

शनिवार पितरांचा होता. सकाळपासून गाव कब्रस्तानात. डोक्याला काळे रुमाल, हातात टोपल्या, वाइनच्या बाटल्या. मी दुपारपर्यंत दुकानातच होते; आईकडे संध्याकाळी जाऊ म्हटलं. मशीन पुन्हा जोडून ठेवलं होतं. पडद्यावर तीच ओळ, पासवर्ड द्या. डिस्क मचमचत होती. आज न थांबता.

वांगेलीया तिकडूनच आली. बुटांना कब्रस्तानाचा चिखल, हातात झाकलेला वाडगा. माझ्याशी काही न बोलता ती टेबलाशी आली, वाडग्यावरचं फडकं काढलं, चमचा भरला आणि मी मध्ये पडायच्या आत तो फ्लॉपीच्या खाचेत रिता केला. बोटानं आत ढकलला. सवयीचा हात होता तो.

"मावशी! आत बोर्ड आहे! वीज चालू आहे!"

"देव त्यांना क्षमा करो," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघून नाही.

मचमच थांबली.

दुकानात इतकी शांतता झाली की रस्त्यापलीकडच्या बेकरीचा पंखा ऐकू आला. मग आत कुठेतरी, डिस्कच्या बाजूला, काहीतरी एकदा गिळलं गेलं.

"आता दाब," वांगेलीया म्हणाली.

"काय दाबू? पासवर्ड कुठाय?"

"नुसतं दाब."

मी एंटर दाबलं. आठवडाभर मी ते कितीदा दाबलं होतं, देव जाणे. डिस्क उघडली.

ओलाव्यानं एखादी सुटलेली तार जुळली असेल, असं मी तेव्हा म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. वांगेलीयानं मान हलवली, मुलांच्या बोलण्यावर हलवतात तशी.

ग्रोझ्दानची पद्धत त्याची स्वतःची होती. त्यानं माणसांना नावानं ठेवलं नव्हतं, दारानं ठेवलं होतं. कागद दारावर लागतो म्हणून. गल्ली, मग घर, मग त्या घरातून गेलेली माणसं, आणि प्रत्येक माणसाचा दर कागदाचा वेगळा फोटो. आमच्या गल्लीचं नाव दिसलं आणि मी तेच उघडलं. का ते सांगता येणार नाही. आईच होती ना आत.

पहिला फोटो मी दिलेला. खांद्यावर राखाडी स्वेटर, ओठ मिटलेले. कवळी आल्यापासून आई फोटोत हसत नसे, जेवतानाही तोंडावर हात धरायची. फार नीटस बाई. चाळिसाव्या दिवसाचा फोटो उघडला. तोच. फक्त ओठ किंचित सुटलेले. सहा महिन्यांचा. खालचे दात दिसत होते. वर्षाचा. फोटो तोच होता, तोच स्वेटर, तोच पडदा मागे, डोळे अगदी तेच, माझ्या ओळखीचे. आणि त्या डोळ्यांच्या खाली तोंड उघडं होतं. गाल भरलेले. हनुवटी ओली. ओठाच्या कोपऱ्याला एक दाणा चिकटलेला.

हा कागद मी माझ्या हातानं दाराला चिकटवला होता. वर्षभर रोज त्याच्याजवळून गेले होते.

आमच्या गावात कागदाजवळून जाताना लोक नाव वाचतात, वय वाचतात आणि पुढे जातात. चेहऱ्याकडे कुणी बघत नाही. मला वाटायचं, दुःख होतं म्हणून.

मी दुसरी दारं उघडली. बेकरीचं. चर्चच्या मागचं. मेतोदीचं, त्याचा भाऊ. सगळी तोंडं उघडी. सगळ्यांच्या हनुवट्या ओल्या. आणि प्रत्येकाचा एक शेवटचा फोटो होता, जो कुणी छापलेला नव्हता, ग्रोझ्दान गेल्यानंतरचा. त्यात गाल खोल गेले होते. ओठ दातांवरून मागे सरले होते. डिस्क वर्षभर कुलपात होती, आणि या फोटोंवर तारीख आजची होती.

"त्यांना बघू नकोस," वांगेलीया म्हणाली. "माझं दार उघड."

तिचं दार उघडलं. एकच फोटो होता.

ग्रोझ्दान. निळ्या कॉलरचा शर्ट, नीट भांग, थोडासा ओशाळलेला. छान होता फोटो. वांगेलीयानं पडद्याला हात लावला.

"प्रिंट काढ."

मी प्रिंटरला सांगितलं. माझा प्रिंटर सावकाश आहे, शाई ओळीओळीनं सोडतो. तो घरघरला, कागद ओढला.

मचमच सुरू झाली.

पडद्यावर ग्रोझ्दानचा डावा कान नव्हता.

फाइल खराब झाली की फोटो कसा जातो ते मला माहीत आहे. सरळ जातो. चौकोन, पट्ट्या, करडा रंग. हे सरळ नव्हतं. गोल होतं, अर्ध्या चंद्रासारखं, आणि त्या गोलाच्या कडेला लहान लहान खाचा होत्या.

"मावशी, गहू."

ती आधीच चमचे भरत होती. अर्धा गहू टेबलावर सांडला.

गालाचा तुकडा गेला. शेजारी दुसरा, लहान. दुसऱ्या कुणाच्या तरी दातांचा.

"पुरत नाहीये," ती म्हणाली. "वर्षभराचे उपाशी आहेत गं. एक वाडगा कुठे पुरणार?"

मी फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवायला गेले. उतरेना. मी दुसरी एक फाइल उघडली, मला करायचं नव्हतं ते, पण केलं. आईची. शेवटची. गाल खोल नव्हते आता. ती चावत होती असं मी म्हणणार नाही. फोटो हलत नाहीत. पण तोंड मिटलेलं होतं, आणि भरलेलं होतं, आणि ओठांमधून निळी कॉलर बाहेर आली होती.

मी वीज ओढली. तार हातात आली.

पडदा गेला. आवाज गेला नाही.

प्लायवूडच्या पलीकडची हातोडी केव्हाच थांबली होती. मेतोदी पार्टिशनच्या कडेला येऊन उभा होता, टोपी हातात घेऊन.

प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. वांगेलीयानं तो उचलला, खिडकीशी नेला, उजेडात धरला. मी मागून बघितला. केस होते, भांग होता. कपाळ होतं. एक डोळा आणि दुसऱ्याची भुवई. त्याच्या खाली शाई नव्हती, फक्त ती गोल गोल कड, आणि पांढरा कागद.

"मावशी," मी म्हणाले, "हा नाही लावता येणार. मी पुन्हा प्रयत्न करते. काहीतरी करते. असा कसा लावणार दारावर?"

"लावीन की." तिनं डोळ्याजवळची ओली शाई पुसली जाऊ नये म्हणून कागद दोन बोटांत धरला होता. आवाज अगदी शांत होता. "पुष्कळ आहे हे, सेवदा. पेटीत एवढंही नव्हतं."